गर्भवतीच्या पायांची अस्वस्थता
(फुलसावंगी येथील वार्षिक कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



विवाह, शिक्षण व वसतिगृह यांविषयी या व्यासपीठावरून दरवर्षी पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही रात्री प्रकट होणाऱ्या, आणि दिवसा सांगितल्यास थट्टेवारी नेल्या जाणाऱ्या, एका दुःखाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

गोष्ट आमच्याच घरची आहे. सूनबाईंना आठवा महिना होता. दिवसभर कामात त्या ठीक असत. परंतु रात्री बाजेवर अंग टाकताच पोटऱ्यांत काही वळवळल्यासारखे होई आणि पाय हलविल्यावाचून राहवत नसे. मग त्या उठून ओसरीवर येरझारा घालीत. आम्ही त्यास माहेरची ओढ म्हटले. कोणी दृष्टही काढली. अखेर डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा लोहाची मोठी उणीव आढळली आणि आमची मान खाली गेली.

हा विकार नवा नव्हे. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. स्वीडनचे मज्जातंतुतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन करून ‘अस्वस्थ पाय’ हे नाव रूढ केले. पेटक्यात स्नायूचा गोळा होऊन कळ येते. येथे तसे नसते. विसावा घेताच हुरहूर वाढते आणि चालताच ती शमते, ही याची खूण होय. सुमारे पाच गर्भवतींमागे एकीस तो जडतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. प्रसूतीनंतर थोड्याच आठवड्यांत बहुतेकींचा त्रास ओसरतो.

लोहाचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. मेंदूतील डोपामीन या द्रव्याच्या कार्यास लोह लागते, आणि गर्भ वाढताना मातेचे लोह खर्ची पडते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानी घ्यावे.

म्हणून आमची विनंती अशी. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या किमान १८० दिवस नेमाने घ्याव्या. गोळीच्या वेळी चहा टाळावा; जेवणात लिंबू असावे. दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा व पायांची तक्रार तेथे स्पष्ट सांगावी. मनाने औषध घेऊ नये. उलटी व सर्दीवरील काही औषधांनी हा त्रास वाढतो. निजण्यापूर्वी थोडे चालणे, पोटऱ्या चोळणे, कोमट पाण्याने पाय शेकणे यांनी आराम पडतो. मात्र एकच पाय सुजून दुखू लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

बंधूंनो, आपल्या घरांतून सून सर्वांमागून जेवते आणि तिच्या ताटात उरलेसुरले येते. तिच्या रात्रीच्या येरझारांचे मूळ पुष्कळदा त्या ताटातच असते. गर्भवतीचे पान प्रथम वाढावे, आणि ती ‘झोप येत नाही’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. आम्हांस हे उशिरा कळले. आपणांस वेळीच कळावे, एवढ्यासाठी हे बोललो.