मधुमेही ज्ञातिबांधवांसाठी पूरक द्रव्यांविषयी चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज बोलावयास उभे केले, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन उभी हयात शाळेत पाढे शिकविण्यात घालविलेले आम्ही साधे शिक्षक. परंतु गेली 14 वर्षे मधुमेह पाहुणा म्हणून आमच्या घरी आला तो यजमान होऊन बसला आहे. शिवाय आमच्या हातून एक प्रमाद घडला आहे. त्याची कबुली याच व्यासपीठावरून देणे उचित होय.

तीन वर्षांपूर्वी याच संमेलनात, भोजनोत्तर गप्पांत, आम्ही एका चूर्णाची मुक्तकंठाने स्तुती केली होती. आमच्या साडूंनी ती मनावर घेतली. चूर्ण सुरू केले आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. घरच्यांनी विचारले तर म्हणाले, "गुरुजींनी सांगितले म्हणजे झाले." पुढे पायाची जखम चिघळली आणि अंगठा गमवावा लागला. आज ही हकीकत त्यांच्या अनुमतीनेच सांगत आहोत. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दुखविले नाही. तेच आम्हांस अधिक बोचते.

तेव्हापासून या विषयाचे जे मिळेल ते वाचावे आणि जाणत्यांस विचारावे, असा आम्ही नेम केला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आहे. इतके गिऱ्हाईक असल्यावर दुकाने निघणारच!

प्रथम आपली घरची मेथी घेऊ. तिच्यातील चिकट तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते, हे खरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांची साखर उतरलीही. परंतु त्यांनी दिवसाकाठी दिली होती तेल काढलेल्या मेथीची 100 ग्रॅम पूड, तीही दोन्ही वेळच्या जेवणात मिसळून. आपण चमचाभर दाणे रात्री भिजवितो आणि सकाळी तेवढ्याच फळाची अपेक्षा करतो! मेथी, कारले जेवणात अवश्य असावीत. परंतु ती गोळीची जागा घेणार नाहीत. उलट, गोळ्या चालू असता त्यांचे अर्क वा चूर्णे वारेमाप घेतली तर साखर एकाएकी खाली जाऊन घेरीही येऊ शकते.

क्रोमियम आणि दालचिनी यांच्या गोळ्यांचा बोलबाला आहे. साखर ताब्यात ठेवण्यासाठी त्या घ्याव्यात असा पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचे मत आहे. बाजारातील नेहमीची जाड दालचिनी मोठ्या प्रमाणात नित्य घेतल्यास यकृतास अपाय संभवतो. ड जीवनसत्त्वाविषयी 2019 साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2423 माणसांपैकी निम्म्यांना रोज 4000 एकक दिले. मधुमेह होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

मग सर्वच पूरके निरर्थक काय? नव्हे. एक गोष्ट मात्र प्रत्येक मधुमेह्याने ध्यानी ठेवावी. मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात ब-12 जीवनसत्त्वाचे शोषण मंदावू शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. शाकाहाऱ्यांस ते दूधदुभत्यातूनच काय ते मिळते. गेल्या वर्षी आमच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मधुमेहाचाच हा प्रताप समजून आम्ही सोशीत होतो. डॉक्टरांनी रक्त तपासून पाहिले, तो ब-12 फारच उणे! उपचाराने आता पुष्कळ आराम आहे. दोन्ही विकारांची लक्षणे सारखीच असल्याने फसगत होते, आणि फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी भरून निघतेच असे नाही. तरीही गोळी आपल्या मनाने सोडू नये. उणीव भरून काढता येते.

तात्पर्य, शरीरात जे उणे आहे ते तपासून भरावे; उणे नसता भरू नये. "मधुमेह मुळापासून नाहीसा" अशा जाहिरातींस 1954 च्या कायद्यान्वये मनाई आहे. पूरकांच्या डब्यावर ते औषधी उपयोगासाठी नाही असे छापणे सक्तीचे आहे. परंतु ती बारीक अक्षरे वाचतो कोण? आम्ही जन्मभर मुलांना वाचावयास शिकविले, आणि त्या दिवशी आम्हीच डबा वाचला नाही.

म्हणून हात जोडून एवढीच विनंती की, चालू औषध डॉक्टरांस विचारल्याविना बंद करू नये, घेत असलेले प्रत्येक चूर्ण त्यांस दाखवावे, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ब-12 तपासणीविषयी त्यांस विचारावे, आणि गुरुजी सांगतात म्हणून काहीही घेऊ नये. आमचे सांगणेही डॉक्टरांकडून पडताळून घ्यावे.