सत्तेचाळीस वर्षं चाललेलं इंजिन

(एपिसोडचं लिखित रूप)

आजच्या एपिसोडमध्ये लॅम्बोर्गिनी आहे. थांबा, लगेच किंमत आणि टॉप स्पीड डोळ्यांसमोर आणू नका. त्यासाठी रील्स भरपूर आहेत. आज आपण इंजिनाचं झाकण उघडून आत बघणार आहोत.

१९६३ मध्ये इटलीत एक व्ही-१२ इंजिन तयार झालं. त्याचा वंश थेट २०१० पर्यंत चालला. मिउरा, काउंटाश, डियाब्लो, मुर्सिएलागो, आपल्या पोस्टरवर आणि वॉलपेपरवर असलेल्या या सगळ्या गाड्यांच्या पोटात त्याच घराण्याचं इंजिन होतं. ४७ वर्षं! ज्या काळात कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, कंपनीचे मालक पाच-सहा वेळा बदलले, त्या सगळ्या काळात मूळ आराखडा तोच राहिला.

मला प्रश्न पडला तो असा: एखादं डिझाइन इतकं टिकतं ते कशाच्या जोरावर? आणि शेवटी संपतं ते कशामुळे? याचं उत्तर मला दोन आकड्यांत सापडलं. बोअर आणि स्ट्रोक. तेवढंच आज समजून घेऊया.

आधी बेसिक. सिलिंडर म्हणजे एक नळकांडं. त्याची रुंदी म्हणजे बोअर. पिस्टन त्यात वरखाली जेवढं अंतर जातो, तो स्ट्रोक. गॅरेजमध्ये तुम्ही ऐकलं असेल, ‘इंजिन बोअरला टाकलंय.’ म्हणजे झिजलेलं नळकांडं थोडं कातून मोठं केलं आणि त्यात मोठ्या साइझचा पिस्टन बसवला. तोच हा बोअर.

आता एक मजेदार तुलना. जुनी बुलेट ३५० घ्या. ३४६ सीसी, एकच सिलिंडर. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. आणि १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिउरा घ्या. ३,९२९ सीसी, १२ सिलिंडर. भागाकार केला तर एका सिलिंडरला साधारण ३२७ सीसी. म्हणजे मिउराचा एक सिलिंडर बुलेटच्या सिलिंडरपेक्षा किंचित छोटाच! पण आकार बघा. मिउराचा बोअर ८२ आणि स्ट्रोक फक्त ६२. बुलेटचं नळकांडं उंच आणि अरुंद, पाण्याच्या तांब्यासारखं. मिउराचं बुटकं आणि रुंद, पातेल्यासारखं.

याचा फायदा काय? दोन फायदे. एक, नळकांडं रुंद असेल तर वरच्या झाकणात मोठे व्हॉल्व्ह बसतात. मोठे व्हॉल्व्ह म्हणजे जास्त हवा आत, आणि इंजिनाची ताकद शेवटी हवेवरच ठरते. दोन, स्ट्रोक छोटा असेल तर पिस्टनला धावावं कमी लागतं. क्रँकशाफ्टच्या एका फेरीत पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो. मिउरात ६२ दुणे १२४ मिलिमीटर. मिनिटाला ७,००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सरासरी साडेचौदा मीटर. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक असता तर त्याच आरपीएमला २१ मीटर झाले असते. आणि लक्षात घ्या, पिस्टन प्रत्येक टोकाला पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. एका सेकंदात शेकडो वेळा. वेग जितका जास्त, तितका कनेक्टिंग रॉडवरचा ताण जास्त. म्हणून बुलेट ‘धडधड’ करते आणि मिउरा किंचाळते. दोन्ही आवाजांमागे भूमितीच आहे.

आता हे इंजिन आलं कुठून? फेरुचो लॅम्बोर्गिनी हा ट्रॅक्टर बनवणारा माणूस. त्याच्याकडे फेरारी होती, तिच्या क्लचवरून त्याची एन्झो फेरारीशी वाजली, हा किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. तो कितपत खरा यावर लोक अजून भांडतात. पण १९६३ मध्ये त्याने सांत’आगाता बोलोन्येझे या गावात गाड्यांचा कारखाना काढला, हे खरं. आणि इंजिनाचं काम दिलं जोत्तो बिझारिनीला. बिझारिनी १९६१ पर्यंत फेरारीत होता, तिथल्या २५० जीटीओ या गाडीच्या जडणघडणीत त्याचा मोठा हात होता.

बिझारिनीने रेसिंगचंच इंजिन बनवलं. साडेतीन लिटर, ६० अंशांचा व्ही, चार कॅमशाफ्ट. फेरारीच्या त्या काळातल्या रस्त्यावरच्या व्ही-१२ मध्ये प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट असायचा, याने दोन दिले. ताकद साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि तीही खूप वरच्या आरपीएमला. फेरुचोला मात्र रोज चालवता येईल अशी गाडी हवी होती. मग जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी यांनी ते इंजिन माणसाळवलं. आरपीएम खाली आणलं, ऑइलची व्यवस्था साधी केली, कार्बोरेटर बदलले. १९६४ च्या ३५० जीटीमध्ये ते बसलं.

इथे एक गोष्ट सांगतो. दाल्लारा आणि स्तान्झानी दोघांचाही जन्म १९३६ चा. म्हणजे हे काम करताना दोघं सत्तावीस-अठ्ठावीसचे. टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस आणि मिउराची बॉडी काढणारा बेर्तोनेचा डिझायनर मार्चेल्लो गांदिनी, दोघं १९३८ चे. मिउरा बनवणारी ही सगळी टीम तिशीच्या आत होती.

आणि तिशीच्या आतली टीम जे करते तेच त्यांनी केलं. मिउरात त्यांनी हे भलंमोठं व्ही-१२ ड्रायव्हरच्या मागे, तेही आडवं बसवलं. मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत तेव्हा इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात असायचा, ती युक्ती उचलली. १९६५ च्या तुरिन शोमध्ये नुसती चेसिस ठेवली आणि पुढच्या वर्षी जिनिव्हात पूर्ण गाडी. जग वेडं झालं.

पण मिउरात भानगडी होत्याच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल वापरायचे, त्यामुळे गिअरची झीज होऊन निघालेला धातूचा कीस इंजिनाच्या ऑइलमध्ये. शेवटच्या काही एसव्ही गाड्यांत हे ऑइल वेगळं केलं. कार्बोरेटर रेसिंगचे, त्यामुळे सिग्नलला गाडी उभी असताना पेट्रोल साचायचं आणि आग लागायची. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे टाकी रिकामी होत गेली की नाक हलकं व्हायचं आणि मोठ्या वेगाला उचललं जायचं.

आता नीट बघा, या भानगडी कुठल्या आहेत? गिअरबॉक्सचं ऑइल, कार्बोरेटर, टाकीची जागा. सगळ्या इंजिनाच्या अवतीभवतीच्या. मूळ आराखड्याला कुणी हात लावला नाही, कारण गरजच नव्हती.

पुढची गाडी काउंटाश. १९७१ ला दाखवली, १९७४ पासून विकली. स्तान्झानीने इंजिन उभं केलं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि उलटं फिरवलं. गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मध्ये. मग तिथून ताकद परत मागच्या चाकांकडे न्यायला एक शाफ्ट इंजिनाच्या ऑइल संपमधून काढला. ऐकायला जुगाड वाटतो, पण वजन मध्यभागी आलं आणि गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर बसला. याचा एक फायदा वीस वर्षांनी मिळाला. १९९३ मध्ये डियाब्लोला चारही चाकांना ताकद द्यायची होती, तेव्हा गिअरबॉक्स आधीच पुढे तोंड करून बसलेला. तिथून पुढच्या चाकांकडे शाफ्ट काढणं सोपं गेलं.

आता आपले दोन आकडे. ताकद वाढवायची तर लिटर वाढवायचे. ते कसे वाढले ते ऐका.

१९६४, साडेतीन लिटर: बोअर ७७, स्ट्रोक ६२. मिउरा, चार लिटर: बोअर ८२, स्ट्रोक तोच ६२. म्हणजे आधी नळकांडं रुंद केलं. १९८२ ची काउंटाश, ४,७५४ सीसी: बोअर ८५.५, स्ट्रोक ६९. १९८५ ला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले, ५,१६७ सीसी: बोअर तोच ८५.५, स्ट्रोक ७५. १९९० ची डियाब्लो: ८७ आणि ८०. २००१ ची मुर्सिएलागो: बोअर तोच ८७, स्ट्रोक ८६.८. आणि २००६ ची एलपी ६४०, साडेसहा लिटर: बोअर ८८, स्ट्रोक ८९.

पॅटर्न दिसला? बोअर ७७ वरून ८८. चार दशकांत फक्त ११ मिलिमीटर. स्ट्रोक ६२ वरून ८९. आपल्या बुलेटचा स्ट्रोक किती होता? ९०! जे इंजिन पातेलं म्हणून जन्माला आलं ते तांब्या होत होत संपलं.

असं का? कारण शेजारशेजारच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर. हे अंतर एकदा ठरलं की ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड सगळं त्याच मापावर बसतं. बोअर वाढवत गेलात की दोन नळकांड्यांमधली भिंत पातळ होत जाते. एका मर्यादेनंतर भिंतच उरत नाही. मग लिटर वाढवायला एकच रस्ता उरतो, स्ट्रोक. तो क्रँकशाफ्ट बदलून वाढवता येतो.

आणि त्याची किंमत? एलपी ६४० ची ६४० हॉर्सपॉवर मिळते ८,००० आरपीएमला. ८९ दुणे १७८ मिलिमीटर, गुणिले ८,०००. सेकंदाला जवळपास पावणेचोवीस मीटर. मिउरा साडेचौदावर होती. प्रत्येक वेळी थोडी जास्त ताकद मिळत गेली आणि प्रत्येक वेळी पिस्टनला थोडं जास्त पळावं लागलं.

मग २०११ ला अव्हेंटाडोर आली, पूर्णपणे नव्या व्ही-१२ सह. क्षमता? साडेसहा लिटर, म्हणजे जुन्याइतकीच! फरक कुठे? बोअर ९५, स्ट्रोक ७६.४. परत पातेलं. ७०० हॉर्सपॉवर ८,२५० आरपीएमला, आणि पिस्टनचा वेग २१ मीटरवर उतरला. बिझारिनीच्या ब्लॉकमध्ये ९५ चा बोअर कुठल्याही युक्तीने बसला नसता. नवीन इंजिन बनवायचं खरं कारण हे.

आता जरा प्रामाणिक होऊया. हे इंजिन ४७ वर्षं टिकलं ते फक्त ग्रेट होतं म्हणून नाही. फेरुचोने सत्तरच्या दशकात कंपनी विकली, १९७८ मध्ये दिवाळं निघालं. पुढे मिमरान बंधू, मग १९८७ ला क्रायस्लर, मग इंडोनेशियन मालक, आणि १९९८ ला आउडी. कोरं इंजिन बनवायला लागणारा पैसा बऱ्याच वर्षांत कुणाकडे नव्हताच. आहे त्यातच भागवायचं होतं. पण भागवता आलं हे महत्त्वाचं. बिझारिनीने सुरुवातीलाच गरजेपेक्षा दणकट आणि मोकळं डिझाइन दिलं होतं, म्हणून पुढच्यांना त्यातून जवळपास दुप्पट लिटर काढता आले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे सगळं वाचताना मला सारखी ऑफिसची एक चर्चा आठवत होती. तुम्ही आयटीत असाल तर तुमच्याकडेही होत असेल. दर सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, ‘हा जुना कोड फेकून द्या, सगळं नव्याने लिहू.’ आणि कुणीतरी म्हणतं, ‘चालतंय ना, हात लावू नका.’ दोघंही मनापासून बोलतात, पण मोजत कुणीच नाही.

या इंजिनाने मला मोजायचं काय ते सांगितलं. पहिला प्रश्न: त्रास मिउराच्या कार्बोरेटरसारखा आहे, की सिलिंडरमधल्या भिंतीसारखा? कार्बोरेटर बदलता येतो. ऑइल वेगळं करता येतं. इंजिन उलटं फिरवून बसवता येतं. त्यासाठी सगळं फेकायची गरज नसते. दुसरा प्रश्न: पुढचं प्रत्येक पाऊल टाकायला किंमत वाढतेय का? १४.५ वरून २३.७ कडे प्रवास चालू आहे का? असेल, आणि कारण ते एक माप असेल जे बदललं की सगळंच बदलतं, तर मग नवीन बनवायची वेळ आली. तेव्हा जुन्याला चिकटून राहणं म्हणजे पिस्टनला उगाच पळवणं.

आणि नवीन बनवताना पुढच्या माणसासाठी भिंतीत थोडी जागा सोडा. ती आपल्याला लागणार नाही कदाचित. २०२३ ला लॅम्बोर्गिनीने रेव्हुएल्टो ही हायब्रिड गाडी आणली. त्यात व्ही-१२ परत उलटा फिरवला, गिअरबॉक्स मागे नेला आणि जिथे पन्नास वर्षं गिअरबॉक्स बसत होता त्या बोगद्यात बॅटरी ठेवली. बोअर आणि स्ट्रोक? अव्हेंटाडोरचेच, ९५ आणि ७६.४. ताकद मात्र नुसत्या इंजिनाची ८२५ हॉर्सपॉवर, ९,२५० आरपीएमला. म्हणजे २०११ वाल्यांनीही जागा सोडली होती.

तर मंडळी, पुढच्या वेळी रस्त्यावर एखादी भारी गाडी दिसली की टॉप स्पीडबरोबर तिचा बोअर आणि स्ट्रोकही शोधा. आपल्या स्वतःच्या बाइकचाही शोधा, मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. तांब्या आहे की पातेलं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. एपिसोड आवडला तर त्या मित्राला पाठवा जो दर सहा महिन्यांनी ‘नव्याने लिहू’ म्हणतो. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत गाडी जपून चालवा, हेल्मेट घाला. नमस्कार!