पिल्लाच्या शेपटीखालची थैली

आम्ही वैनगंगेकाठच्या कारधा गावातल्या बचत गटाच्या बाया. आज कोंबड्यांबद्दल बोलणार आहोत आणि त्यासोबत आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

मागच्या वर्षी आमच्या गटाने गावरान कोंबडीची पन्नास पिल्ले आणली. पहिल्याच आठवड्यात आमच्या पशुसखीने त्यांच्या डोळ्यांत राणीखेतच्या लसीचा थेंब टाकला. चौदाव्या दिवशी गंबोरोची लस द्यायची होती. आम्ही म्हटले, एक लस झाली ना, आता कशाला खर्च? महिनाभराची असताना काही पिल्ले मलूल झाली, पांढरी पातळ विष्ठा टाकू लागली. चार-पाच दगावली, बाकीची सावरली. पुढे राणीखेतची दुसरी लसही दिली. तरी पावसाळ्यात मानमोडी आली आणि निम्मी खुराडी रिकामी झाली.

दोष कोणाला दिला? पशुसखीला. "तिची लसच खोटी," असे आम्ही चारचौघींत बोललो. दोन महिने तिला बैठकीला बोलावले नाही.

मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आमच्यासमोर एक मेलेले पिल्लू उघडून दाखवले. शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेच्या वरच्या बाजूला, एक छोटी थैली असते. निरोगी पिल्लाची थैली बोरासारखी गोल, टणक. आमच्या पिल्लाची सुकून चिपाड झालेली. बाई म्हणाल्या, "रोगाशी लढणारे शिपाई या थैलीत तयार होतात. गंबोरोने तुमच्या पिल्लांची तालीमच उद्ध्वस्त केली. मग राणीखेतची लस शिकवणार कोणाला?"

मैत्रिणींनो, या थैलीला बर्सा म्हणतात. इटलीतल्या फॅब्रिशियस नावाच्या वैद्याने तिचे वर्णन लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर 1621 मध्ये छापले गेले. पण ती कशासाठी असते, हे पुढे तीनशे वर्षे कोणाला कळले नाही. अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने काही पिल्लांची ही थैली काढून पाहिली. वरवर काहीच फरक दिसेना. पुढे त्याचा सोबती टिमोथी चँग याने वर्गात दाखवण्यासाठी त्यातल्याच काही कोंबड्यांना जंतूंची टोचणी दिली. ज्यांची थैली काढली होती, त्यांच्या रक्तात रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये तयारच झाली नाहीत! हे 1956 मध्ये छापून आले. आपल्या माणसांच्या रक्तातही असे शिपाई आहेत. त्यांना बी पेशी म्हणतात. त्यातला 'बी' या बर्सावरूनच आला. आपल्याला ही थैली नसते. आपले हे शिपाई हाडांच्या मगजात तयार होतात.

आता नवी गोष्ट ऐका. गंबोरोच्या विषाणूला हीच थैली लागते. तिच्यातल्या कोवळ्या पेशींतच तो वाढतो. त्यामुळे अस्सल रोगट विषाणूचा अभ्यास करायचा तर जिवंत पिल्लांना आजारी पाडावे लागे. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, थैलीतल्या पेशी प्रयोगशाळेतच जगवल्या तर?

त्यासाठी पिल्लाची थैली घेऊन पेशी सुट्या करतात, चाळणीतून गाळतात आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत, पोषक द्रवात, ऊब देऊन ठेवतात. पण एकट्या पडलेल्या या पेशी एक-दोन दिवसांत मरून जात. शरीरात शेजारच्या पेशी त्यांना "जगत राहा" असा निरोप देत असतात. बशीत तो मिळत नाही. शास्त्रज्ञांनी तो निरोप देणारे प्रथिन ओळखले आणि द्रवात मिसळले. मग पेशी जगू लागल्या, वाढूही लागल्या. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेत अशा पेशींवर गंबोरोच्या विषाणूचा अभ्यास झाला. एका पिल्लाच्या पेशींतून अनेक बशा भरतात, म्हणजे तितकी पिल्ले वाचतात. विषाणू पेशीत कसा शिरतो, हे तिथे समोर पाहता येते. हे कळले की नवी लस शोधायला मदत होते.

अर्थात ही अख्खी थैली नव्हे, तिच्यातल्या पेशीच. शेवटची परीक्षा अजून कोंबडीवरच घ्यावी लागते.

आपल्याकडेही कामे चालू आहेत. पुण्यात औंधला राज्य सरकारची संस्था राणीखेतची लस बनवते. नागपूरला 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण शास्त्रज्ञाने कितीही चांगली लस केली, तरी शेवटचे काम खुराड्यापाशी आपल्यालाच करायचे आहे.

म्हणून आम्ही आता काय करतो ते सांगतो. पहिल्या आठवड्यात राणीखेत, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा राणीखेत, आणि आठ आठवड्यांनंतर राणीखेतचे इंजेक्शन. नेमक्या तारखा आपल्या डॉक्टरांना विचारा. लसीची बाटली बहुधा शंभर पाखरांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून अख्ख्या गल्लीने एकच दिवस ठरवायचा, सकाळी लवकर. लस बर्फात आणायची, उन्हात ठेवायची नाही. आजारी पिल्लाला लस द्यायची नाही. गंबोरोचा विषाणू चिवट असतो, महिनोन्‌महिने जमिनीत टिकतो. नवी पिल्ले आणण्याआधी जुना भुसा काढून जाळायचा, खुराडा धुऊन चुना मारायचा आणि काही दिवस रिकामा ठेवायचा.

आणि पशुसखी? आम्ही साऱ्याजणी तिच्या घरी गेलो. "बाई, चूक आमची होती," असे तिच्या अंगणात उभे राहून म्हटले. तिने चहा ठेवला, आणि आतून लसीचा डबा आणून विचारले, "पुढची पिल्ले कधी आणता?"

ती पिल्ले आता अंडी देत आहेत. तुमच्या गावात चौदाव्या दिवसाची लस राहून जाते का, येत्या बैठकीत विचारून पाहा.