एकोपा हेच गावाचे भांडवल
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराला दिलेल्या पैशाने पोटाला काय मिळाले, असे काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने दिले आहे. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी पदरचा पैसा घालून प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्या कामात लोकांचा एकमेकांवर विश्वास बसला. मग त्याच लोकांनी सरकारी योजनांना श्रमदानाची जोड देऊन नालाबंडिंग केले, पाझर तलाव दुरुस्त केला. विहिरींना पाणी आले, पिके वाढली. गावाने धान्यबँक काढली, हायस्कूल उभारले. पाऊस वाढला नव्हता. माणसे एकत्र आली होती.

कचेरीत मी रोज पाहतो. योजना तीच, अर्जही तोच. पण ज्या गावात एकोपा आहे आणि कागद समजणारा माणूस आहे, तेथे ती लवकर पोचते. नुसता एकोपा कागदापाशी अडतो, नुसते शिक्षण एस.टी. धरून शहरात जाते. दोन्ही हवीत.

म्हणून हात जोडून विनंती आहे, कलशारोहण झाले तरी ही समिती मोडू नका. पुढली पावती शाळेच्या खोल्यांसाठी फाडा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.