रात्रीचा राजा आणि आपली तरुण मंडळी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने येथील तरुणांनी दशावतारी नाट्यप्रयोग बसविण्याचा संकल्प सोडला आहे. त्यांच्यासमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली. मी नट नाही, नाट्यसमीक्षकही नाही. पेशाने कापडव्यापारी. दशावतारी कलावंतांना शेले, मखमल आणि जरीची किनार मोजून देण्यात बरीच वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार.

आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास ही कला कर्नाटकातून कोकणात आणली, असे परंपरेने सांगितले जाते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले ते १८४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आपल्या जिल्ह्यात मात्र कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की देवळापुढील मांडवात आजही दशावतार रंगतो. आजोबांच्या मांडीवरील नातवापासून माहेरवाशिणीपर्यंत सारे कुटुंब एकत्र बसून पाहते, असे दुसरे नाटक मला ठाऊक नाही.

तालमीत एक वाद निघाल्याचे कानी आले आहे. काहींचे म्हणणे असे की, संवाद आधी लिहून काढावेत, प्रयोग दोन तासांत आटोपावा आणि आरंभीचा आडदशावतार गाळावा. यातील वेळेचा मुद्दा मला मान्य आहे. रात्रभराचा खेळ जत्रेला शोभतो. सभागृहात रात्री दहानंतर मुले पेंगतात आणि वडीलधाऱ्यांची कंबर धरते. परंतु लेखी संहितेस माझा विरोध आहे.

दशावतारात संहिता नसतेच. मंडळीतील जाणता कलावंत आख्यान समजावून देतो, भूमिका वाटतो आणि पुढे प्रत्येकाने आपले संवाद रंगमंचावरच रचावयाचे. समोरच्या राजाने अनपेक्षित प्रश्न टाकला, तर उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. पायपेटी आणि मृदंगही नटाच्या बोलण्याकडे कान लावून असतात. यासाठी पुराणकथा मुखोद्गत हव्यात, भाषा जिभेवर हवी आणि सोबत्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकण्याची सवय हवी. पाठ केलेले संवाद म्हणणारा मुलगा केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहतो. आमच्या धंद्यातही गिऱ्हाईक काय बोलते ते न ऐकता ठाण उलगडणारा विक्रेता फार दिवस टिकत नाही!

आणि संकासुर? काळा वेश, लोंबणारी लाल जीभ आणि अस्सल मालवणी बोली. वेद चोरणारा हा दैत्य प्रेक्षकांची थट्टा करतो, गावातील ताज्या घडामोडींवर बोट ठेवतो. त्याला गाळले तर लहान मुलांनी यावे तरी कशासाठी? इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत 'पँटोमाइम' नावाचे कौटुंबिक नाटक होते. नावावरून मूकनाट्य वाटते, पण तेथे पोरे ओरडून ओरडून नटांना उत्तरे देतात आणि विनोदी म्हातारीचे काम बहुधा पुरुष करतो. आपल्याकडेही राणी होणारा पुरुषच असतो. नऊवारी नेसून तो असा वावरतो की बायकांनी पदर कसा घ्यावा ते पाहून ठेवावे.

'ट्रिकसीन'ची हौस अलीकडे वाढली आहे. धूर आणि रंगीत दिवे थोडे असावेत; त्यामागे नट दिसेनासा होऊ नये.

एक कटू गोष्टही बोलतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, अशी या कलावंतांची स्थिती सांगितली जाते. पूर्वी वेशभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन ते या गावाहून त्या गावी पायी जात. आज गाडी आली, तरी पावसाळ्यात हातचे काम थांबतेच. आपण टाळ्या वाजवतो, परंतु आपल्याच घरातील मुलाने हाच व्यवसाय करीन म्हटले, तर होकार देणारे येथे किती हात वर होतील? माझा हातही पटकन वर जाणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणूनच तालमीस जो व्यावसायिक कलावंत मार्गदर्शक म्हणून बोलवाल, त्याचे मानधन आधी ठरवा आणि प्रयोगापूर्वी हाती द्या. त्याला केवळ शाल-श्रीफळावर परत पाठवू नका.

संकासुराचे काळे कापड, राजाचा शेला आणि दोन नऊवारी लुगडी आमच्या दुकानातून घेऊन जावीत. सॅटिन मागू नका. दिव्याखाली ते चमकते खरे, पण घामाने अंगास चिकटते आणि युद्धनृत्यात पाय अडकतो. सुतीच द्यावयास सांगितले आहे. मापे येत्या रविवारपर्यंत कळवावीत.