जावळ, आहेर आणि निउए नावाचं बेट
(महासंघाच्या मासिक सभेतलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)



मागच्या महिन्यात एका गटात जावळाच्या कर्जावरून किती वाजलं, ते बऱ्याच जणींच्या कानावर आलंच असेल. एका काकूंना नातवाच्या जावळासाठी 20,000 रुपये हवे होते. एक ताई म्हणाल्या, शेळी पाळायला मागा, लगेच देऊ, कापायला कशाला देऊ? सगळ्या हसल्या आणि मग भांडण जुंपलं. मला विचारलं तेव्हा मी प्रशिक्षणात शिकवलेलं सांगून मोकळी झाले, की हा अनुत्पादक खर्च आहे, बसत नाही. काकूंनी पासबुक पिशवीत घातलं आणि गुपचूप उठून गेल्या. ते माझ्या मनातून गेलं नाही. त्यावरून मला एका बेटाची आठवण झाली. कॉलेजात असताना त्याबद्दल वाचलं होतं, आता पुन्हा काढून वाचलं. जरा लांबचं आहे, पण ऐका.

बेटाचं नाव निउए. प्रशांत महासागरात, न्यूझीलंडहून विमानानं साधारण साडेतीन तास. सगळं मिळून 260 चौरस किलोमीटर, गावं 14. नदी एकही नाही. जमीन म्हणजे समुद्रातून वर आलेला पोवळ्याचा खडक, आणि खडकाच्या खाचांत जेवढी माती तेवढीच शेती. त्या मातीत बाया-पुरुष अळू लावतात, पानांसाठी नाही, खालच्या कंदासाठी. आपल्या अळकुड्या म्हणा ना. ते कंद आणि पपई यांचे काप एकावर एक रचतात, वर नारळाचं दूध घालतात, पानात बांधतात आणि तापलेल्या दगडांच्या भट्टीत भाजतात. त्याला ताकिही म्हणतात. मला करून बघायचंय, कुणाच्या परड्यात पपई असेल तर सांगा.

आता बेटावर सुमारे 1,700 माणसं राहतात. 1966 साली 5,000 होती. पोटासाठी, शिक्षणासाठी लोक न्यूझीलंडला गेले. त्यांना तिथलं नागरिकत्व आहे, त्यामुळे जायला आडकाठी नाही. विमानतळ झाल्यावर जाणं आणखी सोपं झालं. 1974 ला निउएला स्वतःचं सरकार मिळालं, तरी लोक जातच राहिले. 2004 च्या जानेवारीत मोठं चक्रीवादळ आलं, घरं गेली, दवाखाना गेला, संग्रहालयातल्या जुन्या वस्तूही गेल्या. आज न्यूझीलंडमध्ये निउएचे म्हणवणारे 30,000 च्या वर आहेत, म्हणजे गावापेक्षा कितीतरी जास्त माणसं शहरात. गावाकडे कुलूप लावलेली घरं आणि घरासमोर, रस्त्याकडेला पूर्वजांच्या कबरी. मुंबई-पुण्याला पोरं गेलेल्या आपल्या वाड्या बघितल्यात ना, तसंच समजा.

आता अशी कल्पना करा. ऑकलंड शहरातल्या शाळेत एक निउएन मुलगी आहे, नववी-दहावीतली. बाई म्हणाल्या, उद्या आपल्या घराण्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं. ती जन्मली शहरात, बेट एकदा पाहिलं असेल किंवा नसेलही. मग ती काय सांगेल? पहिल्यांदा म्हणेल, फाकाअलोफा लाही अतु. हा त्यांचा नमस्कार, त्यात माया हा शब्दच आहे. पुढे बहुतेक आपल्या कानाबद्दल आणि भावाच्या केसांबद्दल सांगेल.

त्यांच्यात मुलाचे केस लहानपणापासून कापत नाहीत. दहा-बारा वर्षांचा, कधी त्याहून मोठा होईपर्यंत पोरगा लांब केसांनी वावरतो. मग एक दिवस ठरतो, हिफी उलु, केस कापायचा. केसांच्या बटा करून त्यांना रिबिनी बांधतात. मामा, आत्या, शेजारी, चर्चमधले लोक एकेक करून येतात, एक बट कापतात आणि पैसे देतात. मुलीचा कान टोचायचा कार्यक्रम असतो, हुकी तेलिंगा, त्यातही तसंच. यजमान घर डुकरं, मासे, अळूचे कंद यांचे ढीग लावतं आणि आलेल्यांना वाटून देतं. ज्यानं जास्त दिलं त्याच्या वाट्याला जास्त. कोणी किती दिलं ते लिहून ठेवतात, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य असलं की आपण द्यायचं असतं.

वाचताना मला आमच्या आजीची आहेराची वही आठवली. तिच्यात माझ्या बारशाला कोणी झबलं दिलं, कोणी 11 रुपये दिले, सगळं होतं.

तिथेही या खर्चावरून कुरबूर होते. काही घरांना तो झेपत नाही, कर्ज होतं. तरी कार्य होतं, कारण त्या दिवशी लांबलांबचे नातेवाईक एका मांडवात येतात. विमानाची तिकिटं काढून बेटावर जाऊन कार्य करणारी घरंही आहेत.

भाषेचं मात्र उलटं झालं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या बहुतेक निउएन मुलांना आपली भाषा बोलता येत नाही. आई-वडिलांना वाटलं, पोरांनी इंग्रजी शिकावं म्हणजे नोकरी लागेल. आज्या घरात बोलत होत्या, पण नातवंडांशी बोलायचं ते मोडक्या इंग्रजीत. आता दर वर्षी तिथे निउए भाषेचा आठवडा साजरा करतात. माझी कल्पनेतली मुलगी भाषण कागदावर लिहून नेणार, आणि उच्चार चुकू नयेत म्हणून आदल्या रात्री आजीला फोन करणार. आजीला आनंद होईल, आणि थोडं वाईटही वाटेल.

बायकांच्या हातचं काम मात्र टिकलं. केवड्यासारख्या झाडाची पानं कापून, काटे काढून, उकळून, वाळवून त्याच्या टोप्या, टोपल्या, चटया विणतात. शहरात ती पानं मिळत नाहीत, म्हणून बायका प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतूनही तीच वीण काढतात. ऑकलंडमध्ये वयस्कर बायकांचे विणकाम गट आहेत, आठवड्याला जमतात, विणतात आणि बोलतात, निउए भाषेतच. असे गट नसते तर शहरात ती भाषा याहून कमी ऐकू आली असती, असं मला वाटतं. झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड, हियापो, हे तर जवळजवळ संपलं होतं. जुने तुकडे परदेशी संग्रहालयांत पडून होते. कोरा-अ‍ॅलन नावाच्या निउएन-माओरी कलाकार ताईंनी ते पुन्हा करायला घेतलं. साल कुटून कापड करायचं म्हणजे नुसतं मेहनतीचं काम आहे.

हे सांगून मला जावळाला भरपूर खर्च करा असं म्हणायचं नाहीये. त्या काकूंचा अर्ज पुन्हा घ्यायचा की नाही हे गटानं ठरवायचं. पण मी फॉर्मवर एक शब्द लिहून विषय बंद केला, ते बरोबर केलं नाही. मी त्यांना साधं विचारलंही नाही की आहेर किती येईल, त्यातला किती फेडीचा आहे, आणि हप्ता कशातून जाईल. हे विचारलं असतं तर कदाचित 20,000 चे 8,000 झाले असते. किंवा गटानंच म्हटलं असतं, भांडी आम्ही देतो, स्वयंपाकाला आम्ही येतो.

मी या आठवड्यात काकूंच्या घरी जाऊन येणार आहे. पुढच्या सभेला येताना ज्यांच्याकडे आहेराची जुनी वही असेल त्यांनी ती घेऊन या. आणि एखाद्या आजींना जावळाची गाणी येत असतील तर त्यांनाही आणा, रिक्षाचं भाडं संघाच्या खर्चातून देऊ. अध्यक्षाताईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.