ताशा कोणाच्या गळ्यात?

(शालेय वाद्यपथकांचे मार्गदर्शक शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



वाद्यपथकांतील स्त्रियांचा सहभाग, असा विषय मला देण्यात आला आहे. आपली अनुमती गृहीत धरून मी तो थोडा आखडता घेणार आहे. सहभागाचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजविणाऱ्या मुली आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. २६ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीच्या कर्तव्यपथावरील संचलनाचा प्रारंभच मुळी ११२ महिला वादकांनी केला आणि त्यांत महाराष्ट्राचा ढोल-ताशा वाजविणाऱ्या २० जणी होत्या. तेव्हा मुलींना वाजविता येते की नाही, ही चर्चा आपण येथे नको करूया. पथकात इशारा कोण देते, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

ज्यांनी पथक दुरूनच पाहिले असेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ढोलाच्या एका बाजूवर टिपरूचा आघात होतो, दुसऱ्या बाजूवर हाताची थाप पडते आणि झांज त्याला झळाळी देते. परंतु चाळीस ढोल एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी नवा ठेका धरतात, ते ताशामुळे. या ठेक्यांना पथकात ‘हात’ म्हणतात. एका हातातून दुसऱ्या हातात केव्हा जायचे, लय किती चढवायची, कोठे तोडायचे, हे ताशावादक ठरवितो. ढोलांच्या रांगांकडे तोंड करून, प्रसंगी पाठमोरा चालत, तो दोन बारीक काड्यांनी सारे पथक हाकतो. ढोलावर एखाद्याचा ठोका चुकला तर तो गर्दीत झाकून जातो. ताशा चुकला तर पथकच चुकते. स्पर्धेत परीक्षकांचे लक्षही नेमके या सांध्यांवर असते, हे अनुभवी मार्गदर्शकांना सांगावयास नको.

आता गंमत पाहा. मुलींना पुढे न आणण्याचे कारण म्हणून आपण नेहमी वजनाचे नाव घेतो. वाद्य जड, मिरवणूक लांब, मुलींना झेपायचे नाही. पण पथकातील जड वाद्य ढोल आहे, ताशा नव्हे. म्हणजे जड वाद्य मुलींच्या कमरेला आले आणि हलके वाद्य मुलांच्या गळ्यात राहिले! अर्थात अडचण खांद्याच्या ताकदीची नव्हती.

ही गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि ज्या प्रसंगाने उमगली तो माझ्या पदरचा आहे. आमच्या शाळेचे पथक तालुक्याच्या स्पर्धेस निघाले होते. आदल्या रात्री आमच्या मुख्य ताशावादकाला ताप भरला. पथकात दहावीची एक मुलगी होती. ती ढोलाच्या दुसऱ्या रांगेत वाजवी. सगळे हात तिला तोंडपाठ होते, हे मला ठाऊक होते, कारण मधल्या सुट्टीत बाकावर दोन पट्ट्यांनी ती तेच वाजवीत बसे आणि त्याबद्दल मी तिला एकदोनदा रागावलोही होतो. तरीही त्या दिवशी मी ताशा आठवीतल्या एका मुलाच्या गळ्यात अडकविला. दुसऱ्या हातातून तिसऱ्या हातात जाताना तो अडखळला, अर्धे ढोल पुढे गेले, अर्धे मागे राहिले आणि आमचे पथक मैदानाच्या मध्यावर विस्कटले. परतताना गाडीत कोणी बोलेना. उतरताना ती मुलगी एवढेच म्हणाली, “सर, मला येत होतं.” त्या मुलाचाही काही अपराध नव्हता, त्याला मीच तेथे उभे केले होते. मला विचारावयाचे सुचले नाही असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे सुचले होते. मैदानावर लोक काय म्हणतील, याचा विचार आधी आला.

त्यानंतर मी कारणे शोधू लागलो आणि मुख्य कारण वेळेत सापडले. ताशा दोन महिन्यांच्या सरावात येत नाही. त्याला तीन-चार वर्षांची घासणी लागते. आणि ही घासणी नेमकी कधी होते? सायंकाळचा सराव संपल्यावर. ढोल उतरवून ठेवल्यानंतर जुनी मुले पटांगणावर रेंगाळतात, नव्यांना काड्या धरावयास शिकवितात, एकमेकांवर कुरघोडी करतात. मुली त्या वेळी घरी पोहोचलेल्या असतात, कारण अंधार पडण्यापूर्वी घरी या, असे त्यांना बजावलेले असते. कोणी त्यांना ताशा नाकारीत नाही. ताशा शिकविला जातो ती वेळच त्यांच्या वाट्याला येत नाही. पालकांना मी दोष देणार नाही. रस्त्यावर दिवा नसेल तर आईबापांनी काय करावे?

केवळ मुलींच्या पथकात हा प्रश्न आपोआप सुटतो, हे येथे नमूद केले पाहिजे. इशारा देणारीही मुलगीच असावी लागते, दुसरा उपाय नसतो. राजस्थानातील पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाचे बँडपथक प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात अनेक दशके भाग घेत आले आहे. संरक्षण व शिक्षण मंत्रालयांनी २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा सुरू केली, तीत ब्रास व पाईप बँडचे मुलींचे गट स्वतंत्र ठेवले. चार विभाग आणि चार गट, म्हणून अंतिम फेरीत सोळा पथके. झारखंडमधील पटमदा येथील कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मुलींचे पाईप बँडपथक तर २०२५ च्या प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावर वाजले. हे विद्यालय वंचित घरांतील मुलींसाठी चालविलेल्या निवासी शाळांपैकी आहे. निवासी हा शब्द ध्यानात घ्यावा. सराव संपल्यावर त्या मुलींना अंधारातून घर गाठावयाचे नसते.

परंतु आपली बहुतेक पथके मिश्र आहेत आणि मिश्रच राहावीत असे मला वाटते. तेथे खरी कसोटी जागा कमी पडल्या की लागते. २०२४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील पथकांत तीसपेक्षा अधिक वादक नसावेत असे बंधन घातले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. ध्वनीच्या प्रश्नात मी शिरत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका पथकात तीस जणांची यादी करून पाहण्यात आली. पहिली दहा नावे ताशांची आणि जुन्या वादकांची, ती सारी मुलांची. मुलींची नावे विसाच्या पुढे सुरू झाली. यादी करणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. पथकाचे ज्याच्यावाचून अडेल तो आधी, असा साधा हिशेब त्यांनी केला होता.

ग्रामपंचायतीच्या सदस्य भगिनींना हा हिशेब नवा नसावा. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. तरीही ठरावावर सही एकीची आणि निर्णय दुसऱ्याचाच, असा अनुभव येथे बसलेल्यांपैकी काहींनी घेतला असेल. खुर्ची मिळणे आणि इशारा आपला चालणे यांत अंतर असते, आणि हे अंतर ताशाच्या काड्यांसारखे लहानपणापासून घासावे लागते.

मी निवृत्तीपूर्वीच्या सहा वर्षांत दोन-तीन साध्या गोष्टी केल्या, त्या सांगतो. ताशाचा सराव सायंकाळवरून काढून सकाळी प्रार्थनेपूर्वीच्या पाऊण तासावर आणला. प्रत्येक ताशावर दोन नावे लिहिली, एक मुलाचे आणि एक मुलीचे, आणि सरावाचे दिवस आळीपाळीने वाटून दिले. स्पर्धेच्या दिवशी कोण वाजविणार हे आठ दिवस आधी चिठ्ठी टाकून नव्हे, तर सर्वांसमोर वाजवून घेऊन ठरविले. पहिल्या वर्षी एकही मुलगी निवडली गेली नाही आणि मला फार वाईट वाटले, पण मी निर्णय फिरविला नाही. तिसऱ्या वर्षी तीन ताशांपैकी दोन मुलींकडे आले. एका पालकांनी येऊन विचारले, की आमच्या मुलाचे काय? मी त्यांना सरावाची वही दाखविली. ते वही पाहून गेले, समाधान झाले की नाही ते सांगता येत नाही.

ग्रामपंचायतीकडे मागणे एकच आहे. पटांगणापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावरील दिवे सराव सुरू होण्यापूर्वी, म्हणजे आषाढातच, तपासून घ्यावेत. आमच्याकडे ते काम दरवर्षी गणपती बसल्यावर होत असे.